परदेशात स्की शिकवायला जाताय? जॅकेट राहू द्या, बूट बघा

जॅकेट विकत घेऊ नका. नोकरीचं पत्र हातात पडलं की पहिला मोह जॅकेटचाच होतो, आणि नेमकी तीच वस्तू स्की स्कूल देणार असते. बहुतेक मोठ्या स्कूलमध्ये युनिफॉर्मचं जॅकेट मिळतं, बऱ्याच ठिकाणी पँटही मिळते, आणि त्याचं डिपॉझिट पगारातून कापून घेतात. तुम्ही हौसेने घेतलेलं जॅकेट मग सुट्टीच्या दिवसापुरतं उरतं. पँट मिळणार का, हे मात्र ईमेल करून विचाराच. 'काळी वॉटरप्रूफ पँट स्वतःची आणावी' हे वाक्य करारात कुठेतरी शेवटच्या पानावर दडलेलं असतं, आणि ते वाचेपर्यंत तुम्ही विमानतळावर पोचलेले असता.

ज्यांची लेव्हल वन, म्हणजे इन्स्ट्रक्टरची पहिली परीक्षा, झाली आहे किंवा होऊ घातली आहे, पॅरलल टर्न (दोन्ही स्की समांतर ठेवून वळणं) बऱ्यापैकी जमतो, आणि आता बॅगेत काय भरायचं हा प्रश्न आहे, अशांसाठी हे लिहितेय. स्की कशी करावी हे इथे मिळणार नाही.

सामानाची यादी करण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. पहिल्या सीझनमध्ये तुमचा दिवस स्की करण्यात जात नाही, उभं राहण्यात जातो. सकाळी लाइनअपला, म्हणजे वर्ग वाटून मिळतात त्या रांगेत, उभं राहायचं. मग मॅजिक कार्पेटच्या, म्हणजे मुलांना वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याच्या, पायथ्याशी चार-पाच वर्षांची पोरं घेऊन उभं राहायचं. एकाचा बूट उलट्या पायात, दुसरीचं हेल्मेट मागे सरकलेलं, तिसऱ्याला शू लागली आहे आणि हे त्याला सगळे कपडे, बूट, स्की चढवून झाल्यावर आठवलंय. तुम्ही हातमोजा दातात धरून उघड्या बोटांनी त्याची बकलं सोडताय, गुडघे ओल्या बर्फात रुतलेत. मधूनच वेज (स्कीचा व्ही आकार) करत उलटं सरकायचं, समोरच्या मुलाच्या स्कीची टोकं धरून. पडलेलं पोर उचलायचं, स्की लावून द्यायचे, पुन्हा तिरकी पावलं टाकत वर चढायचं. व्हिडिओत दिसतो तो पावडर बर्फ असतो, पण सकाळच्या पहिल्या लिफ्टला नाहीतर सुट्टीच्या दिवशी.

तेव्हा तयारी या उभं राहणाऱ्या, वाकणाऱ्या, थांबणाऱ्या माणसाची करायची. स्की करणारं शरीर स्वतःच गरम होतं. उभं राहणारं गार पडत जातं.

आता बूट. इथे मी लांबण लावणार आहे, कारण माझा पहिला सीझन बुटांनी खाल्ला.

मला थंडीची भीती होती. दुकानात दोन जोड्या समोर होत्या. लहान जोडीत बोटं पुढे टेकत होती. मोठ्या जोडीत पाय मोकळा होता, शिवाय जाड लोकरी मोजाही मावत होता. दिवसभर बर्फात उभं राहायचं, म्हणजे जाड मोजा लागणार, म्हणजे बुटात जागा हवी, असा सरळ हिशोब करून मी मोठी जोडी उचलली. विकणाऱ्याने 'आरामशीर वाटतंय ना?' एवढंच विचारलं. वाटत होतंच.

हा हिशोब उलटा आहे, आणि तो का उलटा आहे हे नीट समजून घ्या, कारण नवखे सगळे इथेच अडकतात. स्की बुटाच्या आत लायनर असतो, फोमचा. तो पहिल्या काही आठवड्यांत दाबला जाऊन बसतो, म्हणजे बूट आतून मोठा होतो. दुकानात 'आरामशीर' असलेला बूट थोड्याच दिवसांत ढिला होतो. ढिल्या बुटात टाच उचलली जाते, पाय पुढे सरकतो, नडगी पुढच्या कडेवर आपटते. मग तुम्ही काय करता? बकल एक खाच पुढे ओढता. चार दिवसांनी आणखी एक. पावलाच्या वरच्या बाजूने रक्तवाहिन्या आणि नसा बोटांकडे जातात, त्या या बकलाखाली दाबल्या जातात. रक्त कमी पोचतं, बोटं बधिर होतात. तुम्हाला वाटतं थंडी वाजतेय. तुम्ही दुसरा मोजा चढवता. आता बूट आणखी आवळला, पाय आणखी दाबला, वर घामाने मोजे ओले. दुपारपर्यंत बोटं आहेत की नाहीत ते कळत नाही. आणि ज्या मोकळ्या बोटांसाठी एवढा मोठा बूट घेतला, तीच बोटं पाय पुढे सरकल्यामुळे शेलवर, म्हणजे बुटाच्या बाहेरच्या कडक कवचावर, आपटून आपटून नखं काळी पडतात.

म्हणजे थंडीच्या भीतीने घेतलेल्या मोठ्या बुटाने पाय जास्त गार केले. मी महिनाभर जास्त गरम मोजे शोधत होते. शेवटी एका जुन्या इन्स्ट्रक्टर बाईंनी लॉकर रूममध्ये मला पाय आपटताना पाहिलं, माझा लायनर उपसून बाजूला ठेवला, रिकाम्या शेलमध्ये पाय घालायला लावला आणि टाचेमागे बोटं घालून दाखवली. एकावर एक तीन बोटं सहज गेली. 'थंडी नाहीये ही,' एवढंच म्हणाल्या आणि शिकवायला निघून गेल्या.

ही चाचणी दुकानात करा. लायनर काढायचा, नुसत्या शेलमध्ये पाय घालायचा, बोटं पुढे जेमतेम टेकवायची आणि टाचेमागची जागा बघायची. एक ते दोन सेंटिमीटर पुरे. त्याहून जास्त असेल तर बूट कितीही आवडला तरी खाली ठेवा. स्की बुटाचं माप मोंडोपॉइंटमध्ये असतं, म्हणजे पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये. पाऊल साडेसव्वीस सेंटिमीटर तर माप २६.५, रोजच्या बुटाचा नंबर विसरून जा. २६ आणि २६.५ यांचं शेल बहुधा एकच असतं, फरक लायनरचा किंवा आतल्या तळव्याचा. 'अर्धा नंबर मोठा द्या' म्हणून फार काही साधत नाही ते त्यामुळे. रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतात: ९८ अरुंद, १०० मधलं, १०२ रुंद.

लायनर परत घालून बकलं लावलीत की सरळ उभं असताना बोटं पुढे टेकली पाहिजेत, आणि गुडघे पुढे वाकवले की टाच मागे बसून बोटं सुटली पाहिजेत. हे झालं तर माप बरोबर. मग बूट घालून वीस-तीस मिनिटं दुकानातच फिरा, लोक बघतील, बघू द्या. एकाच ठिकाणी टोचत असेल, घोट्याच्या हाडावर किंवा करंगळीच्या मुळाशी, तर घाबरू नका. बूटफिटर शेल तापवून तेवढीच जागा बाहेर काढून देतो. सगळीकडून सारखी मिठी बसत असेल तर तोच हवा असलेला बूट. अरुंद बूट रुंद करता येतो, लांब बूट आखूड करता येत नाही. हे वाक्य तुम्हाला प्रत्येक बूटफिटर ऐकवेल आणि प्रत्येक वेळी ते खरं असेल.

बुटाच्या आत एकच मोजा, पातळ. थर्मल पँटचा पायही बुटात जाऊ द्यायचा नाही. तो नडगीवर घडी पाडतो आणि संध्याकाळपर्यंत तिथे लाल पट्टा उमटतो, म्हणून पोटरीपर्यंतच येणारी थर्मल घ्या. बकलं लावताना आधी टाच जमिनीवर आपटून मागे बसवा, मग घोट्याच्या वरची बकलं, आणि बोटांवरची सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सैल. उभं राहून शिकवताना वरची बकलं सोडून ठेवायला कसलीच लाज नाही, जुने लोक सर्रास सोडतात.

आणि फ्लेक्स, म्हणजे बूट पुढे वाकायला किती कडक आहे त्याचा आकडा. तुमच्या ओळखीत कुणीतरी झकास स्की करणारा असतो, तो सांगतो की १३०चा फ्लेक्स घे, इन्स्ट्रक्टर आहेस ना. ऐकू नका. एक तर हे आकडे कंपन्या आपापल्या मनाने देतात, एकीचा ११० आणि दुसरीचा ११० सारखा नसतो. दुसरं म्हणजे थंडीत प्लास्टिक आणखी कडक होतं. तुम्हाला दिवसभर संथ वेज करून दाखवायचा आहे, घोटा वाकला नाही तर तो वेज दिसायलाही वाईट आणि करायलाही. माझं सरळ मत आहे की उत्तम स्की करणारा माणूस उत्तम सल्ला देतोच असं नाही. त्याला त्याचा पाय माहीत असतो. सल्ला हवा असेल तर लहान मुलांच्या विभागात दुसरा सीझन काढणाऱ्याला विचारा. त्याचे फोड अजून ताजे असतात आणि त्याला तुम्हाला काही विकायचं नसतं.

आधीच मोठे बूट घेऊन बसला असाल तर सीझन वाया गेला असं समजू नका. चांगला तळवा, टाचेखाली उंची, घोट्याभोवती फोमच्या पट्ट्या एवढ्यावर बरंच निभावतं. मी उरलेले महिने असेच काढले. नाइलाज म्हणून ठीक आहे.

तुमच्या जवळपास धड बूटफिटर नसेल तर बूट घेऊन जाऊच नका. ट्रेनिंग सुरू होण्याच्या चार-पाच दिवस आधी पोचा आणि तिथल्या फिटरची वेळ आधीच घेऊन ठेवा, सीझनच्या तोंडावर त्यांच्याकडे रांग असते. स्कीसुद्धा तिथेच घ्या. स्टाफला कंपन्यांच्या सवलती मिळतात, जुने इन्स्ट्रक्टर दरवर्षी आपली जोडी विकतात, आणि लांबलचक बॅग विमानातून नेण्याचा त्रास वाचतो. मधल्या भागात ७५ ते ८५ मिलिमीटरच्या आसपास रुंदीची, वळायला सोपी जोडी पहिल्या सीझनला पुरते. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी कळ, मात्र बुटाच्या सोलशी जुळतं का ते दुकानात तपासून घ्या. चालायला सोपा असलेला ग्रिपवॉक सोल प्रत्येक जुन्या बाइंडिंगमध्ये चालत नाही, आणि हे न तपासता लावलेलं बाइंडिंग सुटायच्या वेळी सुटत नाही. इथे काटकसर नको.

कपड्यांचं थोडक्यात. कॉटन नको, आतलंसुद्धा नको. मरिनो लोकरीच्या किंवा सिंथेटिक थर्मलच्या तीन जोड्या, त्यावर घालायला एक पातळ आणि एक जाड मधला थर. जाड थर डाउनचा (पिसांचा) घ्यायचा की सिंथेटिक, हे डोंगरावर ठरतं. कॅनडातल्या व्हिसलरचं गाव ६७५ मीटरवर आहे आणि तिथे खाली पाऊस, वर बर्फ असे दिवस असतात. ऑस्ट्रेलियातल्या डोंगरांवरही बर्फ ओला असतो. अशा जागी भिजलेलं डाउन गोळा होऊन बसतं, सिंथेटिकच बरं. उलट अमेरिकेतल्या कॉलोरॅडोत हवा कोरडी, पण ब्रेकनरिज गावच २,९०० मीटरच्या वर आहे, तिथे पहिला आठवडा डोकं दुखणं आणि झोप न लागणं यातच जातो. पाणी जास्त प्या, दारू टाळा, आणि पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी हिरोगिरी करू नका. जपानमधल्या होक्काइदोतल्या निसेकोचा डोंगर उंचीला जेमतेम १,३०८ मीटर, पण सायबेरियाकडून येणारा वारा समुद्रावरून ओलावा उचलतो आणि दिवसचे दिवस बर्फ पडत राहतो. तिथे ऊन विसरा, गॉगलला ढगाळ उजेडाची लेन्स घ्या. कॅनडातल्या लेक लुईसकडे पारा उणे तीसपर्यंत उतरू शकतो, तिथे गालसुद्धा उघडे ठेवायचे नाहीत. एकच यादी सगळीकडे चालत नाही, म्हणून मी यादी देत नाहीये. कुठल्या डोंगरावर जाताय, त्याचं गेल्या काही वर्षांचं हवामान बघा.

हातमोज्यांवर मात्र खर्च करा. दोन जोड्या, कारण एक रोज वाळत असणार. त्यातली एक मिटन, चारही बोटं एकत्र राहिली की जास्त गरम राहतात. आत घालायला पातळ लायनर हातमोजे, म्हणजे बकल लावताना उघडा हात धातूला लागत नाही. मनगटाला अडकवायच्या दोऱ्या असलेलेच घ्या. लहान मुलांच्या मोज्यांना असतात ना, तशाच. दिवसातून किती वेळा मोजा काढता त्याची गणती राहत नाही, आणि चेअरलिफ्टवरून पडलेला मोजा वसंतात सापडतो. पोलच्या पट्ट्यात हात अडकवून शिकवू नका. हात पुढे टेकून पडलात तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला लिगामेंट फाटतो. या दुखापतीला स्कीअर्स थंब असं नावच पडलंय, आणि तो अंगठा घेऊन बकलं लागत नाहीत.

गॉगलच्या दोन लेन्स हव्यात, उन्हाची आणि ढगाळ दिवसाची. ढगाळ उजेडात खड्डा आणि सपाटी सारखीच दिसते, काळी लेन्स लावून दहा मुलांच्या पुढे निघालात तर तुम्हीच आधी पडाल. सनस्क्रीन ढगाळ दिवशीही लावायचं. ताजा बर्फ अतिनील किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत परतवतो आणि दर हजार मीटर चढलं की त्यांची तीव्रता साधारण दहा टक्क्यांनी वाढते. हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या आत भाजलेले लोक मी पाहिलेत. हेल्मेटवर ईएन १०७७ किंवा एएसटीएम एफ २०४० हे सुरक्षेचं मानक लिहिलेलं बघा, आणि कुणाचं वापरलेलं घेऊ नका, आतून तडकलेलं बाहेरून दिसत नाही.

शरीर. जिममध्ये वजनं वाढवत बसण्यापेक्षा भिंतीला टेकून खुर्चीसारखं बसणं, एका पायावर उठबस, आणि घोट्याचा लवचिकपणा यावर दोन-तीन महिने द्या. वेज धरून उलटं सरकताना मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू पेटतात, त्यांना आधी जागं करा. जमिनीवरून वीस किलो उचलायची रीत शिका: गुडघे वाकवून, ओझं अंगाजवळ. आणि हे दिवसभर, घसरड्या जमिनीवर, पायात ओंडक्यासारखे बूट घालून करायचंय. कंबर गेली की सीझन गेला. निघण्याआधी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन या, परदेशात दाढ दुखली तर ती खिशालाच जास्त दुखते.

आता सर्टिफिकेट आणि कागद, आणि इथे माझी दोन मतं आहेत जी सगळ्यांना पटणार नाहीत.

पहिलं. 'इन्स्ट्रक्टर बना, नोकरी पक्की' असे कित्येक आठवड्यांचे महागडे कोर्स विकले जातात. तुम्ही अजून नीट वळतच नसाल तर त्यांचा उपयोग आहे, कारण तुम्ही मुळात स्की शिकण्याचे पैसे भरता. पण पॅरलल जमत असेल तर काही दिवस चांगल्या ट्रेनरबरोबर काढा आणि थेट परीक्षा द्या. कॅनडाची सीएसआयए, १९३८ साली स्थापन झालेली इन्स्ट्रक्टरांची संघटना, लेव्हल वन तीन दिवसांत घेते. ब्रिटनच्या बीएएसआयची लेव्हल वन पाच दिवसांची, पण त्यात स्की स्कूलमध्ये वर्गामागे फिरून काढलेले ३५ तासही लागतात. माझ्या मते त्या ३५ तासांत परीक्षेपेक्षा जास्त शिकायला मिळतं. ज्या संघटनेत ती सक्ती नाही, त्यांनी स्वतःहून करावं. 'नोकरी पक्की'मध्ये पक्की काय असते ते विचारा. अनेकदा पक्की असते ती मुलाखत.

दुसरं. लेव्हल वन झाल्या झाल्या लेव्हल टूच्या मागे लागू नका. आधी शिकवा. पाठ केलेल्या ड्रिल्स (सरावाचे प्रकार) घेऊन लेव्हल टूला गेलेला माणूस परीक्षकाला पहिल्या दहा मिनिटांत कळतो. पण हेही खरं की लेव्हल टूनंतर तासाचा दर वाढतो आणि व्हिसा देणारे मालक तिकडे बघतात, त्यामुळे पहिल्या सीझनच्या शेवटी द्यायचं डोक्यात असू द्या. युरोपचं स्वप्न असेल तर आधी माहिती काढा. फ्रान्समध्ये पूर्ण पात्रतेसाठी युरोटेस्ट नावाची, वेळ मोजून घेतलेली जायंट स्लॅलम (झेंड्यांमधून वळत उतरायची शर्यत) पार करावी लागते, लेव्हल वनचा कागद दाखवून तिथे शिकवायला सुरुवात करता येत नाही. बेकायदा शिकवणाऱ्यांवर तिथे खटले होतात, गंमत समजू नका.

व्हिसा. वर्किंग हॉलिडे व्हिसा दोन देशांच्या करारावर चालतो, वय साधारण १८ ते ३०, काही देशांसाठी ३५. भारतीय पासपोर्टला ऑस्ट्रेलियाचा ४६२ क्रमांकाचा व्हिसा २०२४ पासून सोडतीने मिळू लागला, वर्षाला १,००० जागा. अमेरिकेत स्की स्कूल जे-वन किंवा एच-टूबी व्हिसावर माणसं नेतात, एच-टूबीचा अर्ज मालकाने करायचा असतो. टुरिस्ट व्हिसावर 'मित्रांना शिकवतो' असं म्हणून पैसे घ्यायचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसापासून लांब राहा. डोंगरावर सगळे सगळ्यांना ओळखतात, तक्रार जाते.

भरतीचं वेळापत्रक लक्षात ठेवा. उत्तर गोलार्धात सीझन डिसेंबर ते एप्रिल, पण अर्ज उन्हाळ्यातच सुरू होतात. दक्षिणेत सीझन जून ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, अर्ज वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांत. मुलांबरोबर काम असल्याने पोलीस पडताळणी लागते. न्यूझीलंडमध्ये ती मुलांच्या संरक्षणाच्या २०१४ च्या कायद्याखाली होते, ऑस्ट्रेलियात प्रत्येक राज्याची वेगळी. आपल्याकडचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मिळायला वेळ जातो, ते आधी काढा. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र चालू असू द्या.

विमा वाचून घ्या, विकणाऱ्याच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. साध्या ट्रॅव्हल विम्यात पगारी काम बहुधा वगळलेलं असतं, आणि ऑफ-पिस्टही, म्हणजे आखलेल्या उतारांबाहेरचं स्की. मालकाचा विमा कामाच्या वेळेपुरता. सुट्टीच्या दिवशी झाडांमध्ये गुडघा फिरला तर तो तुमचा खर्च. न्यूझीलंडमध्ये एसीसी नावाची सरकारी योजना १९७४ पासून आहे, ती अपघातातल्या उपचारांचा भार पाहुण्यांसाठीही उचलते, पण परतीचं तिकीट किंवा घरी गेल्यावरचा खर्च देत नाही.

पैशांबद्दल कुणी आधी नीट सांगत नाही, म्हणून खडसावूनच सांगते. पगार बहुतेक ठिकाणी शिकवलेल्या तासांचा असतो. लाइनअपला उभं राहिलात, पाहुणे आले नाहीत, घरी गेलात: त्या दिवसाचे पैसे नाहीत, किंवा नावापुरते. नाताळ ते नवीन वर्ष, अमेरिकेत फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा आठवडा, जपानमध्ये चांद्र नववर्ष, दक्षिणेत जुलैच्या शाळेच्या सुट्ट्या, या काळात श्वास घ्यायला वेळ मिळत नाही. त्यांच्या मधले आठवडे सुने. खोलीचं भाडं मात्र दर आठवड्याला कापलं जातं. म्हणून सही करण्याआधी तीन प्रश्न लेखी विचारा: आठवड्याला किमान किती तासांची हमी आहे, ट्रेनिंगचे दिवस पगारी आहेत का, आणि भाडं पगारातून कापलं जातं का. गोलमाल उत्तर आलं तर ते 'नाही' समजा. सोबत निदान सहा आठवड्यांच्या खर्चाचे पैसे ठेवा. घाबरवत नाहीये. पहिले काही आठवडे निघाले की गाडी रुळावर येते, आणि एखाद्या कुटुंबाने 'आम्हाला हीच इन्स्ट्रक्टर हवी' असं नाव घेऊन मागितलं की त्या तासांचा दर बऱ्याच ठिकाणी वेगळा मिळतो. तुम्हाला येणाऱ्या सगळ्या भाषा अर्जात लिहा. भाषा जुळली म्हणून मिळालेले वर्ग मी भरपूर घेतले आहेत.

खिशात काय असावं: टिश्यू, लिप बाम, छोटा स्क्रू ड्रायव्हर, हेल्मेटवर नाव लिहायला चिकटपट्टी आणि मार्कर, ट्रेल मॅपची घडी. मुलांना गोळी-चॉकलेट स्वतःहून देऊ नका, अ‍ॅलर्जीची नोंद आधी वाचा. पहिल्या सुट्टीच्या दिवशी डोंगरावरची सगळी स्वच्छतागृहं कुठे आहेत ते पाठ करा, ही माहिती कोणत्याही ड्रिलपेक्षा जास्त वेळा कामाला येईल. एफआयएसचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे, १९६७ पासूनचे दहा नियमही पाठ हवेत. खालच्या माणसाला वाट मोकळी देण्याची जबाबदारी वरून येणाऱ्याची, हा नियम रोज कुणाला तरी सांगावा लागतो.

राहायची खोली बहुधा दोघा-चौघांत असते. कानातले बोळे, कुलूप, थर्मास, आणि बूट वाळवायचा छोटा ड्रायर, तिथलं प्लग आणि व्होल्टेज बघून. हीटरवर बूट ठेवू नका, लायनर बिघडतो. रात्री तो बाहेर काढून उभा ठेवा. गाडीतही बूट सोडू नका, सकाळी गोठलेल्या प्लास्टिकमध्ये पाय जात नाही.

बूट आधीच घेतले असतील तर ते चेक-इनमध्ये टाकू नका. हेल्मेट, गॉगल, एक थर्मल जोडी आणि कागदांच्या प्रती यांच्यासोबत ते केबिन बॅगेत घ्या, मोजे बुटांच्या आत कोंबून. बॅग हरवली तर बाकी सगळं उसनं मिळतं. कुणाचे तरी स्की, कुणाची तरी पँट. दुसऱ्याच्या पायाला बसलेला बूट उसना घेऊन ट्रेनिंगचा आठवडा काढता येत नाही. वजन जास्त भरलं तर जाड कपडे अंगात घाला आणि बूट खांद्यावर टाका, काउंटरवर सहसा कुणी अडवत नाही. अडवलं तर जे काही काढून ठेवायचं ते काढा, बूट सोडून.